सातवी खोली

कँडीचं हॉटेल निवडायला आमच्या मंडळाला अडीच महिने लागले. इतर लोक हॉटेल निवडताना जेवण बघतात, स्वच्छता बघतात, हे मला फार पुढे कळलं. आम्ही एवढंच बघितलं, की कुणाच्या डोक्यावर कुणाची खोली येते.

ग्वाल्हेर राज्य विलीन झालं, मग मध्य भारत हे नवं राज्यही मोडलं आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांपाशी त्यानंतर एकच ऐवज उरला: दरबारात आपण कितव्या जागेवर बसत होतो. कुणी विचारत नसे, म्हणून तो सारखा सांगावा लागे. आमची जागा उजव्या रांगेत तिसरी, असं बाबा सगळ्यांना सांगत. पाटणकर बाजारातल्या कापडवाल्यालाही सांगत. तो ‘हां हुजूर, बिलकुल’ म्हणत कापड फाडत राही.

सहा घरांनी मिळून सिलोनला जायचं ही टूम आमच्या अध्यक्षांची. ते जज्ज होऊन निवृत्त झाले होते. समुद्रापार म्हणून परदेश, आणि बोट दोन-तीन तासांचीच, म्हणून बायकाही तयार झाल्या. एका गोष्टीवर मात्र सगळे ठाम होते. हॉटेल टुमदार आणि बड्या लोकांचंच हवं; भोपाळला गेलेल्यांच्या कानावर ते गेलंच पाहिजे. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होते आणि माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

चार हॉटेलांनी सचित्र माहितीपत्रकं पाठवली. त्यातलं एक खरोखर सुंदर होतं. सगळ्या खोल्या एका ओळीत, सगळ्यांपुढे बाग. बाबांनी ते बाजूला सारलं. ‘सगळ्या खोल्या सारख्या? मग फायदा काय?’ ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पसंत पडलं ते तळ्याकाठचं दुमजली हॉटेल. वर तीन खोल्या, लाकडी सज्जा, समोर तळं. खाली तीन, समोर डोंगराचा कातळ. जिन्यापाशी एक लहानशी सातवी.

वरच्या तीन कुणाच्या, यावर भांडणं जुंपली. निवाडा करायला दरबार उरला नव्हता. शेवटी अध्यक्षांनी यादीवाल्या काकांना बोलावलं.

हे काका खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात दोन खोल्यांत एकटे राहत. दरबाराच्या बैठकीची यादी त्यांच्याकडे असे. प्रत्येकाला अदबीनं त्याच्या जागेपर्यंत न्यायचं, बसवायचं आणि आपण खांबाआड उभं राहायचं, हे त्यांचं काम. विलीनीकरणात त्यांना पुरवठा खात्यात टाकलं, तिथे ते शिक्के मारत. ते दफ्तर भोपाळला हललं तेव्हा त्यांना घरी बसवलं. अध्यक्ष म्हणाले, ‘काका, तुम्ही आमच्याबरोबर चला. गाडीत, बोटीत, जेवणाच्या टेबलाशी, सगळी बैठक तुम्हीच लावायची. सातवी खोली तुमची.’

त्या दिवशी पायऱ्या उतरताना ते माझ्यापाशी थांबले. ‘ताईसाहेब, तीस साल लोकांना बसवलं मी. खुद कभी बैठा नहीं, मतलब, मोठ्या लोकांच्या पंक्तीत. तिथं टेबलाशी माझी पण एक खुर्ची लागेल न?’

‘लागेल की,’ मी म्हणाले.

मग ते रोज आमच्याकडे येऊ लागले. खुर्ची हाताची असेल का, हातरुमाल मांडीवर पसरायचा की गळ्याशी खोवायचा. त्यांनी एक चमचा विकत आणला होता आणि घरी ते वरण चमच्यानं खाऊन बघत होते. संध्याकाळी मी आईबाबांना त्यांची नक्कल करून दाखवायची. चमच्याला घाबरून तोंड पुढे नेणारे काका मला फार छान जमायचे. आम्ही पोट धरधरून हसायचो.

यादी त्यांनी अध्यक्षांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर वाचली. पहिलं घर, दुसरं, तिसरं. आमचं नाव आलं नाही. चौथं, पाचवंही झालं. आमचं सहावं. डावी रांग, मागची ओळ.

‘काका, चुकताय तुम्ही,’ बाबा म्हणाले.

‘नाही साहेब. आपल्या वडिलांना मीच हात धरून न्यायचो. फार सज्जन माणूस. मागे बसायचे, पण कधी नाराज नाही झाले.’ हे ते अगदी मायेनं बोलले. तेच वाईट झालं. दाराशी बसलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. आईनं हातातला पानाचा डबा खाली ठेवला.

 घरी आल्यावर बाबा पगडी खुंटीला लावत मला म्हणाले, ‘त्या हॉटेलात सातवी खोली रिकामी नाही. कळलं? म्हातारा आला तर आपण जन्मभर सहावे. नाही आला तर त्याचं डोकं चालत नाही, म्हणून यादी रद्द करवता येईल.’

मला कळलं. मला पटलंही, हे लपवण्यात अर्थ नाही. अध्यक्षांच्या भाच्यासाठी माझं नाव निघत होतं आणि तिथे आम्ही तिसरे म्हणूनच गेलो होतो. मला काकांचा रागच आला. एवढं खरं सांगायची त्यांना गरज काय होती?

आठवड्यानं हॉटेलचं पत्र आलं. सातही खोल्या राखून ठेवल्यात, आपली वाट पाहतो. त्याच दुपारी काका आले. मी पत्र समोर धरलं आणि मराठीत वाचल्यासारखं केलं. ‘आम्हांला खेद वाटतो, की सहाच खोल्या देता येतील.’ मी आवाजात थोडं दुःखही आणलं.

काका गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मग वाकले आणि त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. ‘ताईसाहेब, हा सेव्हन आहे न? गोऱ्या साहेबांच्या मेजवानीत खुर्च्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या मीच लावायचो. अक्षरात लिहिलेल्या असायच्या. चाळीसपर्यंत येतात मला.’

‘आपण सात मागितल्या होत्या, असं लिहिलंय त्यांनी,’ मी म्हणाले. एका क्षणात सुचलं. मी हुशारच होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाले, ‘असं करा. मंडळात खोली नाही असं सांगू नका. अध्यक्ष साहेब दुसऱ्या हॉटेलला लिहायला सांगतील, मग पत्रं निघतील, तुमची पंचाईत होईल. काकांना जमत नाही, तब्येत बरी नाही, एवढं सांगून द्या.’ चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. मला हायसं वाटलं. लाज मागाहून आली असं लिहिणं सोपं आहे. त्या दुपारी फक्त हायसं वाटलं, आणि मी आईला चहा टाकायला सांगितलं.

पुढे सगळं बाबांना हवं तसं झालं. काकांची स्मृती गेली आहे असं त्यांनी मंडळाला पटवलं, खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या आणि आम्हांला वरची मिळाली. फक्त एक राहिलं. सातवी खोली नको, हे हॉटेलला कळवायला मी विसरले.

पहिल्या रात्री जेवायला खाली उतरलो तर लांब टेबल मांडलेलं. पांढरी चादर, फुलं. वाढपी हसून म्हणाला, कुठेही बसा. तेरा माणसं उभीच राहिली. कुठेही बसा, हे आम्हांला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. अध्यक्षही घुटमळले. शेवटी बाबा पुढे झाले आणि टोकाच्या मानाच्या खुर्चीवर बसले. मग बाकीचे बसले, एकमेकांकडे न बघता.

माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी राहिली. हाताची होती. पुढे ताट, घडी घातलेला रुमाल. वाढप्यानं मला इंग्रजीत विचारलं, चौदावे गृहस्थ मागून येणार आहेत का? त्यांची खोली तयार आहे.

अध्यक्षांनी मान वर केली. त्यांना इंग्रजी येत होतं. बाबांना फारसं येत नव्हतं. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. तिथे मला काहीही बोलता आलं असतं. ते आजारी आहेत, म्हणता आलं असतं. काकांनी स्वतःच ते कारण माझ्या हातात दिलं होतं.

‘तो येणार नाही,’ मी म्हणाले. ‘तो आमचा नोकर होता. खुर्ची काढून टाका.’