झाडाला कान लावणारा कुराडमामा

कुऱ्हाड घालण्याआधी झाडाच्या खोडाला कान लावणारा लाकूडतोड्या मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कारापुरात त्याला सगळे कुराडमामा म्हणत. गावात मरण झालं की सरणासाठी आंबा तोडायला त्यालाच बोलावणं जाई. येई, चपला काढी, खोडाला कान लावून डोळे मिटी. ‘कोणाशी बोलतोस रे?’ असं कुणी चिडवलं तर म्हणे, “उलयनां, आयकतां. भितर कोण आसा तें पळोवक जाय न्हय?” म्हणजे बोलत नाही, ऐकतो; आत कोण राहतं ते बघायला हवं ना.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास आमच्या वडिलांनी, अण्णांनी, खाणीवर लावायला ट्रक घेतला. तो उभा करायला परसातला जुना रानआंबा आडवा येत होता. आंबट, दोऱ्याळ फळांचा. माणसाच्या काही कामाचा नाही, असं अण्णांचं मत. त्यांचा जीव अंगणातल्या गोड मानकुराद आंब्यावर. त्याला कुणी खडा मारलेलाही त्यांना खपत नसे.

शिगम्याच्या तोंडावर कुराडमामा रानआंब्यावर चढला आणि तसाच खाली आला.

“अण्णा, आज जावचें ना. भितर बाळंतीण आसा.”

अण्णांचा पारा चढला. “मागीर ट्रक माथ्यार दवरूं?”

“मात्शे बसात,” म्हणत त्याने आम्हा दोघांना विहिरीच्या काठावर बसवलं. माडगरुडाची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. जरा वेळाने कुणी भलंमोठं सूप पाखडतंय असा पंखांचा आवाज झाला. नर आला. गळ्यातून वडाची फळं एकेक करून वर काढली आणि त्या फटीत भरवत राहिला. माझ्या अंगावर काटा आला. मग दिसू लागलं: मोहोरात मधमाश्या, शेंड्याला शेकरूचं घरटं, फांद्यांवर सीतेच्या वेणीची ऑर्किडं. इतकी वर्षं मी त्याच झाडाखाली दात घासत होतो!

“बारा म्हयने पान सरना ताचें,” मामा म्हणाला. “हें इतलें गोकूळ वतलें खंय?” एवढं गोकुळ जाणार कुठे, असं तो विचारत होता.

पिल्लं उडाली की तोडतो, असा शब्द त्याने दिला आणि ट्रक रस्त्यावरच लाल धुळीत राहिला. मृगाआधी पिल्लं उडाली आणि शब्दाचा पक्का मामा कुऱ्हाड घेऊन दारात हजर. अण्णा वर बघत म्हणाले, “उद्या बघू.” तो उद्या कधी उजाडलाच नाही. उलट दर वर्षी शिगमा जवळ आला की अण्णाच विचारायचे, “आली का रे ती?”

काही वर्षांनी चैत्रात मामा गेला. त्याच्या सरणाच्या लाकडासाठी त्याचे पुतणे त्याचीच कुऱ्हाड घेऊन आमच्याकडे आले. जवळपास तोडण्याजोगा मोठा आंबा म्हणजे आमचा रानआंबाच. मामासाठी मागताहेत, अण्णा नाही कसं म्हणणार? मला तर रडू येत होतं.

अण्णांनी चपला काढल्या. खोडाला कान लावला.

“भितर बाळंतीण आसा,” ते म्हणाले आणि अंगणाकडे बोट दाखवलं. “मानकुराद तोडात.”

झाड फळांनी लगडलं होतं. कैऱ्या अंगणभर गडगडल्या. अण्णांनी एकही उचलली नाही.