चौरस इंचाला पाच पौंड

ठाण्यातल्या खोपटाहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दशम्या, लिंबाचं लोणचं आणि साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका होती. शेतकी खात्यासाठी पुस्तिका मराठीत मीच उतरवली होती, त्यामुळे ट्रॅक्टरही मीच घडवल्यासारखा माझा रुबाब होता. वजन चार टन, शक्ती चाळीस घोड्यांची, पट्टा चौदा इंच रुंद आणि जमिनीवरचा दाब चौरस इंचाला अवघा पाच पौंड. माणसाच्या पावलाहूनही कमी! हे वाक्य मी पत्नीला दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा ती उठून गेली.

कल्याणला मालगाडीतून यंत्र उतरवून घेतलं. त्याला सुकाणूचं चाक नव्हतं. दोन दांडे ओढून वळवायचं. ड्रायव्हर गणपतशेजारी मी पत्र्यावर बसलो. मानपाड्याच्या वाटेवर दोन बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. एक गाडीवान ओरडला, "ढकलू काय, सायब?"

दुपारी खाडीकाठच्या आगरी गावात पोहोचलो. हाल्यादादा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. दशम्या पिशवीतच राहिल्या.

पलीकडची पडीक जमीन नांगरायची होती. मध्ये खारबांध (खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध) होता. हाल्यादादा म्हणाले, "उघाडीवरशी (पाणी सोडायच्या झडपेवरून) नको नेव. फिरून जा. आतमदी माजा राब (भाताची रोपं) हाय."

फिरून जायला संध्याकाळ झाली असती. मी पुस्तिका उघडली. "दादा, माणूस चालतो तिथे हा चालतो. छापलेलं आहे."

"आमचा बांध लिवलाय का त्या कागदान?"

गणपत माझ्याकडे पाहत राहिला. मी हात हलवला : ने.

पट्टे रुतले नाहीत. पुस्तिका खरीच होती. पण उघाडीच्या लाकडी पेटीला चौरस इंच कुठले कळायला? तिला एकदम चार टन कळले. ट्रॅक्टर सुखरूप पलीकडे उतरला आणि मागे पेटी मोडून बांध खचला. भरती चढत होती.

त्या गावचा रिवाज असा, की ज्याच्यामुळे बांध फुटला त्याने खिंडारात उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी चिखल रचायचा. मी धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. चिखलाचे गोळे रचता रचता एक बाई म्हणाली, "सायब, आता दाब किती पडतंय?" मी खरोखरच हिशेब करू लागलो, तेव्हा सगळ्याच हसल्या.

खिंडार बुजलं, पण तोवर खारं पाणी हाल्यादादांच्या राबात शिरलं होतं. त्यांनी एक रोप उपटलं, पान चाखलं आणि थुंकले.

ठाण्याला परतल्यावर अहवालात मी लिहिलं, "निर्णय माझा होता." वरच्या साहेबांनी कागद परत केला. "असा रकानाच नाही हो. दोष यंत्राचा की जमिनीचा, तेवढं लिहा." यंत्राला तर ओरखडाही नव्हता. जमिनीचा दोष लिहिला तर हाल्यादादांना खात्याकडून भरपाईचं नवं बियाणं मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी 'जमिनीचा' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

प्रवासवर्णनाला रकाने नसतात, म्हणून इथे लिहितो. जमीन चांगली होती. दोष माझा होता.