कठडा गेला त्या रविवारी

आमच्या देवळात वेदीसमोर पितळेचा एक कठडा होता. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळी त्याला धरून गुडघे टेकायची. ईस्टरच्या आधी घरटी माणसं येऊन तो चिंचेनं घासत. दोन-दोन हात भाग प्रत्येक घराचा, वाडवडिलांपासून ठरलेला. आमचा भाग डावीकडून तिसरा. दुसऱ्याच्या भागाला कोणी हात लावायचं नाही, त्यामुळे कोणाचं पितळ किती चमकतंय यावरून बायकांमध्ये टोमणे चालत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी सकाळी आम्ही देवळात आलो तर कठडा नव्हता. फरशीत नुसती भोकं. मेणबत्त्यांचे स्टँड, दानाच्या थाळ्या, आतल्या खोलीतली जुनी घंटा, पितळ म्हणून जे जे होतं ते गेलं होतं. लाकडाला चोरानं हात लावला नव्हता. एक मावशी रडता रडता म्हणाल्या, "मेल्यानं पेटी तरी न्यायची. मास्तरांच्या गाण्यातून सुटलो असतो." दोघं-तिघं हसले. पेटी मी वाजवायचो. मलाही हसू आलं, पण बाजूच्या दाराकडे बघायचं मी टाळलं.

कारण ते दार कसं उघडं राहिलं हे मला माहीत होतं.

त्या दाराला कुलूप नव्हतं, आतून लाकडी अडसर लावायचा. शनिवारी गाण्याच्या सरावाला उकडत होतं म्हणून ते मी उघडलं होतं. सराव संपल्यावर नुसतं लोटून घेतलं. टीव्हीवर भारताची मॅच शेवटच्या षटकांत आली होती, मला घर गाठायचं होतं. पुढच्या दारात देवळाची देखभाल करणारे काका कुलूप घेऊन उभे होते. मूळचे पेठ तालुक्यातले, बायकोसह आवारातल्याच खोलीत राहायचे.

"मास्तर, अडसर लावला का?"

"लावला."

तरी ते आत जायला वळले. रोज स्वतः बघायची त्यांची पद्धतच होती. मी म्हणालो, "काका, माझ्यावर विश्वास नाही का?"

ते ओशाळून हसले आणि त्यांनी कुलूप लावलं.

पोलीस आले. पुढचं कुलूप शाबूत, बाजूच्या दारावर ओरखडाही नाही. हवालदार म्हणाला, "घरातलाच माणूस आहे, साहेब." तेवढं एक वाक्य आम्हाला पुरलं. बाहेरच्या चोराचा इतका राग आला नसता. आपल्यातल्याच कोणीतरी दार उघडून दिलं, हे मनात बसल्यावर उपासना संपताच लोक सलामही न करता घरी जाऊ लागले. आणि बोटं वळली काकांकडे. त्यांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं.

नंतर मंडळीच्या पंचांची बैठक झाली. मी सेक्रेटरी, इतिवृत्त लिहायला बसलेलो. अध्यक्षांनी विचारलं, "बाजूचा अडसर कोण बघतं?"

"मीच. माझंच काम हाय ते," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ते वाट बघत होते. एक वाक्य बोललो असतो तर सगळं निवळलं असतं, फार तर माझं सेक्रेटरीपद गेलं असतं. मी मान खाली घातली आणि त्यांचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. खोली रिकामी करण्याचा ठरावही मीच लिहिला.

महिनाभरात ते पेठला परत गेले. चोर सापडला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला म्हाताऱ्या माणसांना धरायला काही नव्हतं, एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत ती खाली बसली. "विश्वासघातकी मेला," कोणीतरी काकांना उद्देशून पुटपुटलं. मी पेटीवर पुढचं गीत सुरू केलं.

सात-आठ वर्षं गेली. मी प्रभुभोजन घ्यायचो आणि दर वेळी तो ठराव आठवायचा. शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय? त्या माणसाकडे जा."

पेठला गेलो. काका भाताच्या रोपांत होते, पाय चिखलानं भरलेले. बांधावर उभा राहून मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मला कशाला सांगता, मास्तर? मला तर माहीतच हाय. दोन महिने वाट पाहिली, तुम्ही बोलाल म्हणून. मग सोडली. ज्यांना माहीत नाय, त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी मी उपासनेत उभा राहिलो आणि सांगितलं. कोणी ओरडलं नाही. एक पंच बाहेर आल्यावर म्हणाले, "आता गाडलेली मढी कशाला उकरायची?" पेटीवरून विनोद करणाऱ्या मावशी मात्र माझ्यासमोर येऊन थांबल्या. "आम्ही त्याच्या बायकोला नळावर पाणी भरू दिलं नव्हतं हो, मास्तर," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पाळकसाहेब आणि दोन पंच पेठला जाऊन काकांची माफी मागून आले. काकांनी त्यांना चहा पाजला, नागलीची भाकरीही खाऊ घातली, असं पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं. पुढच्या आठवड्यात मीही गेलो. काका दारात आले.

"कळलं," ते म्हणाले. "सांगितलंत ते बरं केलंत."

बसा म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ अंगणात उभा राहिलो, मग जीप मिळते का बघायला रस्त्याकडे चालू लागलो.