तोलारीचं बारावं झाड

त्याला सगळे तोलारी म्हणायचे. काम पानं तोलायचं. निलगिरीच्या नव्या लागवडीतलं चार वर्षांचं झाड घ्यायचं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मीटर-मीटरचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याची पानं वेगळ्या पोत्यात भरायची, वाळवायची, तोलायची. झाडावर पानांचा भार कुठे किती, ते त्यातून कळतं. त्यावरून खालच्या फांद्या किती उंचीपर्यंत छाटायच्या ते ठरतं. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. मी त्याच वनसंशोधन केंद्रावर झाडं पाडायचो.

राहायला कुंपणाजवळची खोली. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर तो बसायचा, दुसरीवर पोती. मी गेलो की पोती खाली ठेवायचा, उठलो की लगेच परत वर. मी फारसा जात नसे.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तोलायला बारा झाडं होती. तो नेहमी उभ्या झाडाची पानं काढायचा, भोवती मचाण बांधून. नव्या साहेबांना घाई होती. ते म्हणाले, झाडं पाडा, आडवी करून पानं काढा.

"साहेब, पडताना शेंडा आपटतो. वरची पानं झडून पसरतात. झडलेलं पान कुठल्या टप्प्याचं, ते कसं सांगायचं?"

"चार पानांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

तरी बारावं झाड त्याने मागून घेतलं. साहेब म्हणाले, "घ्या, पण माणूस मिळणार नाही."

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "दोरी धरायला येशील?"

"तुझी एका झाडाची हजामत आठवडाभर चालते, तोलारी. माझी कंबर धरलीय."

"बरं," म्हणाला आणि गेला. माझ्या कंबरेला काही झालेलं नव्हतं.

अकरा झाडं मी दोन दिवसांत पाडली. त्याला एका झाडाला पाच दिवस लागले. मचाण एकट्याने बांधलं. प्रत्येक टप्प्याखाली कापड ताणायचा, पानं खुडायचा, कापड गुंडाळून खाली आणायचा, चिठ्ठी लावायचा, परत वर. मचाणाच्या वरचा शेंडा त्याच्या वजनाने वाकत होता, म्हणून त्याने तो शेजारच्या दोन झाडांना बांधून घेतला होता. दुपारी मी तिथून जायचो. वरून हाक यायची नाही. मीही मारायचो नाही.

सगळी पोती वाळल्यावर तोलली. माझ्या अकरा झाडांत वरच्या तीन मीटरमध्ये पानांचा पाचवा हिस्सा भरला. त्याच्या झाडात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. साहेबांनी कागद टेबलावर सरकवला.

"तुमचं झाड बाकीच्यांशी जुळत नाही."

"बाकीची माझ्याशी जुळत नाहीत, साहेब. वरची पानं जमिनीवर राहिली."

साहेबांनी मला बोलावलं. "पाडणारे तुम्ही. पानं झडली होती का?"

तोलारी माझ्याकडे बघत होता. एकतीस वर्षांत त्याने माझ्याकडे दोनदा काही मागितलं, दोन्ही त्याच महिन्यात.

"थोडीफार," मी म्हणालो.

थोडीफार नव्हती. प्रत्येक झाडाखालून अर्धं पोतं भरलं असतं. पण ते कबूल केलं असतं, तर नवी अकरा झाडं घेऊन सगळं पुन्हा करायला लागलं असतं, मचाण बांधून, आणि वर चढायला मलाच पाठवलं असतं. मला तेवढी मेहनत नको होती.

साहेबांनी बाराव्या झाडावर रेघ मारली.

"आठ पोती आहेत. कुठे टाकू?" तोलारीने विचारलं.

"मागच्या खड्ड्यात."

मी एक पोतं उचलायला वाकलो. तो म्हणाला, "राहू दे." आवाज चढला नव्हता. आठ खेपा त्याने एकट्याने केल्या. प्रत्येक पोत्याची चिठ्ठी आधी सोडून घेतली, मग पोतं उलटं केलं.

महिनाअखेरीस तो निवृत्त झाला आणि गाव सोडून गेला. कुठे, ते मला सांगितलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या लागवडीत फांद्या त्या अकरा झाडांच्या हिशेबाने छाटल्या. त्या मीच छाटल्या.