नॉर्मल रिपोर्टचा नवस

नलिनी परबच्या पायांत वर्षभर आग होती. चादर नुसती लागली तरी तळव्यांना मिरचीपूड चोळल्यासारखं व्हायचं. मुलुंडच्या पोळीभाजी केंद्रात दिवसभर उभ्याने चपात्या लाटणारी बाई, पण आता घरी आली की मोरीत बादलीत पाय बुडवून बसायची. बरं, वरून पाय धडधाकट. सूज नाही, जखम नाही. तिथंच सगळा घोळ होता. सूज असती तर चार माणसं हळहळली तरी असती.

नवरा चंद्रप्रकाश वाईट नव्हे. त्याचा फक्त छापील कागदावर विश्वास जास्त, बायकोवर कमी. विजेचे बारीक झटके देऊन नसांची तपासणी झाली, रिपोर्ट आला आणि तो जिन्यातनंच ओरडला, "गो नलू, नॉर्मल इलो!"

पेढे वाटले. वरच्या मजल्यावरच्या शेवंतीकाकू तोंडातला पेढा घोळवत म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं. मनाचे खेळ गं सगळे."

शिवाय चंद्रप्रकाशने नवस बोलून ठेवलेला. रिपोर्ट चांगला आला, तर बायकोला अनवाणी भांडुपच्या देवीला चालत आणीन.

"अहो, पाय माझे ना? मला विचारायचं तरी!"

"देवीक शब्द दिलाय. मी पण अनवाणीच येतंय."

एप्रिलच्या टळटळीत दुपारी दोघं निघाली. चंद्रप्रकाश 'आई गं' करत सावलीसावलीने उड्या मारत होता. नलिनी मात्र डांबरावरून सरळ चालत राहिली.

"बघ! माझ्यापेक्षा बरी चलतंस. गेला ना दुखणा?"

पाय रोजच जळत होते. त्यात आजची आग कुठली आणि रोजची कुठली, तिलाच कळेना.

देवळाच्या पायरीवर फुलवाली किंचाळली, "बाई, पाय बघा!" तळव्यांची कातडी सोलवटून निघाली होती.

जखमा दाखवायला गेल्यावर नव्या डॉक्टरीणबाईंनी नलिनीला डोळे मिटायला लावून पायाला आधी गार चमचा टेकवला, मग कोमट. तिला फरक सांगता येईना. घोट्याजवळची कणभर कातडी तपासायला गेली.

"पहिली तपासणी मोठ्या नसांची होती, त्या ठीकच आहेत," कातडीचा रिपोर्ट आल्यावर बाई म्हणाल्या. "दुखणं आणि गरम-गार कळवणाऱ्या नसा अगदी बारीक. त्या बऱ्याचशा मेल्यात. उरलेल्या उगाच आग आग म्हणून ओरडतात. गोळ्यांनी आग कमी होईल. पूर्ण जाईल, असं वचन नाही देत."

"म्हणजे मी नाटक नव्हते करत ना?" नलिनीने विचारलं. विचारलं डॉक्टरीणबाईंना, बघत होती नवऱ्याकडे.

घरी आल्यावर तो तिच्या पायाशी बसला. हात पुढे केला, तशी तिने पाय आखडले.

"नको. हातसुद्धा सोसत नाही."

"मग काय करू गो?"

"मागच्या वेळी जिन्यातनं ओरडलात ना? तसंच आज सांगा. खराब आलाय म्हणून."

चंद्रप्रकाश उठला. जिन्यात जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. वरून शेवंतीकाकूंनी विचारलं, "काय रे, आला का रिपोर्ट?"

त्याने तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. आत नलिनी कान देऊन बसली होती.