कराटेचं शुद्धिपत्रक

मी नांदेड सोडलं त्या सकाळी अण्णा मला बसवून द्यायला स्टँडवर आले ते बगलेत पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. परदेशी कंपन्यांना दारं उघडणाऱ्या सरकारचा धिक्कार, जाड टाइपात. आणि त्यांची मुलगी हैदराबादला कुकटपल्लीच्या ज्या कारखान्यात टीव्हीच्या रिमोटमधल्या सर्किटच्या पट्ट्यांना सोल्डरिंगचे डाग द्यायला निघाली होती, त्यात निम्मा पैसा परदेशी कंपनीचा होता. अण्णा बसमध्ये चढले, ड्रायव्हरपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या हातात एकेक पत्रक देत माझ्यापर्यंत आले आणि मलाही दिलं.

"अण्णा, मी घरची आहे."

"तिकीट काढलंस ना? मग प्रवासीच."

आई खिडकीखाली उभी होती. म्हणाली, "ते वाचून झालं की दशम्या खा. आणि शेजारणीलाही दे. नुसती मतं नको देऊस."

अण्णा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात अक्षरओळख प्रुफांवर झाली. बोलायला लागले तेव्हापासून मी "बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा" असंच बोलत आले, असं आई पाहुण्यांना सांगते. घरात देवघर नव्हतं, पण एक नियम देवासारखा पाळला जायचा: कुणापुढे वाकायचं नाही. लग्नाकार्यांत मी थोरामोठ्यांना ताठ उभी राहून नमस्कार करायची आणि आई नंतर त्यांची समजूत काढत बसायची.

हा ताठ कणा घेऊन मी हैदराबादला गौलिगुड्याच्या स्टँडवर उतरले. चिक्कडपल्लीच्या लेडीज हॉस्टेलात खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर पद्मा, करीमनगरची, माझ्याच कारखान्यातली. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. दोघी मिळून जी हिंदी बोलायचो ती ऐकून कंडक्टर तिकीट द्यायचं विसरत. बसमध्ये एक माणूस पद्माला रोज खेटायचा. तिनं ठरवलं, कराटे शिकायचं. एकटीनं जायला लाजत होती, म्हणून मलाही ओढलं.

जामबागेतल्या एका जुन्या शाळेच्या अंगणात सकाळी क्लास भरायचा. शिकवणारे युसूफ मास्टर दिवसभर शिंपीकाम करायचे. क्लासचे पांढरे कपडे तेच मांजरपाटाचे शिवत, आणि माप घेतानाच सांगत की कुणाचा कोणता खांदा पुढे पडतो. त्यांचे गुरू जहाजावर नोकरीला होते. कुठल्याशा बंदरात शिकून आले आणि इकडे पेरून गेले. तीस जण ओळीत उभे राहायचे. भिंतीवर एका म्हाताऱ्या जपानी गुरूचा फोटो. मास्टर हुकूम द्यायचे आणि सगळे फोटोपुढे कमरेतून वाकायचे.

पहिल्या दिवशी एकोणतीस वाकले.

"क्या अम्मा, कमर में दरद है क्या?"

"नहीं. मैं किसी के सामने झुकती नहीं."

"हौ? तो उधर पायरी पे बैठो."

मी आठ दिवस पायरीवर बसले. शाळेच्या पायरीवर बसून दुसऱ्यांची कवायत बघणं अपमानाचं असतं, पण अपमान झाला की काय करायचं हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. मी पत्रक काढलं. छापखाना नव्हता, म्हणून कार्बन पेपर घालून हाताने, हिंदीत, तीस प्रती. मथळा होता, 'ताठ उभे राहा!' मजकूर असा की, कराटे ही जपानी सरदारांची कला आहे. त्यांनी रयतेला वाकायला लावलं. निजामाच्या जहागीरदारांपुढे ज्यांचे आजे-पणजे वाकले, त्यांनी आज स्वतंत्र देशात परक्या सरदाराच्या फोटोपुढे वाकावं, ही शरमेची गोष्ट आहे. वगैरे. कराटेचा इतिहास मी कुठेही वाचला नव्हता. गरजच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी पत्रकं वाटली. मास्टरांना नागरी लिपी सावकाश यायची. त्यांनी पद्माला सांगितलं, "पढ को सुनाओ." बिचारी पद्मा तेलुगू हेल काढत सगळं वाचून गेली. मास्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग सगळ्यांना खाली बसवलं.

"लिखे तो अच्छा, अम्मा. लेकिन राजा का पता डाल को चिट्ठी रय्यत के घर भेज दिए."

आणि त्यांनी सांगितलं. जपानच्या दक्षिणेला समुद्रात ओकिनावा नावाचं बेट आहे. त्याचं स्वतःचं छोटं राज्य होतं, चीनशी व्यापार होता, तिकडून काही डावपेच आले, काही बेटावरचेच. मग उत्तरेकडून जपानी सरदार चढून आले. तलवारी त्यांच्याकडे, बेटाच्या लोकांकडे रिकामे हात. कराटे त्या हातांचं. आधी घरांच्या परसात गुपचूप, पुढे बेटावरच्या शाळांत उघड. काही शिक्षक ते घेऊन जपानच्या मोठ्या शहरांत गेले, तेव्हा तिथले लोक त्यांच्या बोलीला हसले. पांढरा पोशाख आणि पट्टे त्यांनी तिथे ज्यूदोवाल्यांचे उचलले. "गाँव का आदमी शहर को आया तो कपड़े बदलताच ना?" बेटावरचे गरीब लोक हवाईला उसाच्या, ब्राझीलला कॉफीच्या मळ्यांत कामाला गेले, त्यांच्यासोबत कराटेही बोटीत बसलं. महायुद्धानंतर बेटावर अमेरिकन फौज आली. जिंकलेले सैनिक हरलेल्या म्हाताऱ्यांपुढे शिष्य म्हणून बसले आणि शिकलेलं आपल्या गावी घेऊन गेले. अशा फिरत फिरत ते जामबागेत पोचलं.

"सरदारां का नै ये. कामगारां का है."

माझे कान तापले. चुकीची माहिती छापणं एक वेळ चालेल, पण ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांनाच जुलमी ठरवणं? याहून मोठा गुन्हा आमच्या घरात नव्हता. मी पायरीवरून उठले आणि निघून आले.

चार दिवस मी क्लासला गेले नाही. पद्मा रोज एकटी जायची आणि परत येऊन काही विचारायची नाही, तेच जास्त लागायचं. या शहरात माझी म्हणावी अशी एवढीच जागा होती, आणि ती मी स्वतःच्या अक्षरात घालवली होती. परत जायचं तर तोंड दाखवायला हवं, न जावं तर पळून गेल्यासारखं. मग अण्णांचं एक काम आठवलं. एकदा त्यांनी पत्रकात भलत्याच मुकादमाला चोर म्हटलं होतं. कळलं त्याच दिवशी त्यांनी शुद्धिपत्रक काढलं. तितक्याच प्रती, तितकाच जाड टाइप, आणि ज्यांच्या हातात पहिलं पडलं होतं त्यांच्याच हातात स्वतः नेऊन दिलं. पहिली प्रत मुकादमाच्या दारात. तो शिव्या देत होता आणि अण्णा "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत उभे होते.

मी पुन्हा कार्बन पेपर आणले. तीस प्रती. 'मागील पत्रकात कराटेविषयी दिलेली माहिती संपूर्ण चुकीची होती. लेखिका दिलगीर आहे.' त्याखाली मास्टरांनी सांगितलेला सगळा इतिहास, आठवेल तसा. आणि शेवटी एक ओळ: 'वाकण्याबाबत लेखिकेचं मत कायम आहे.'

पहिली प्रत मास्टरांना दिली. त्यांनी बोट फिरवत स्वतः वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"गलती मान लिए. अच्छा किए. झुकने का?"

"नक्को." एवढं दख्खनी मी तोवर शिकले होते.

मास्टर हसले. फोटोकडे बघत म्हणाले, "मेरे उस्ताद झुकते थे, मैं झुकता. कायकु, कभी पूछा नै." मग त्यांनी सगळ्यांना समोरासमोर दोन ओळींत उभं केलं. म्हणाले, आधी एकमेकांना. आणि स्वतः समोरच्या ओळीत येऊन उभे राहिले, नेमके माझ्यासमोर. कंबर शिवणयंत्रावर बसून बसून आखडलेली. तरी तो काळ्या पट्ट्याचा पन्नाशीचा माणूस, पट्टाही न मिळालेल्या माझ्यासारख्या पोरीपुढे सावकाश, पुरता वाकला.

मी वाकले. कुणी हुकूम दिला म्हणून नाही. समोरचा माणूस वाकलेला असताना मी ताठ राहिले असते, तर त्या अंगणातली सरदार मीच ठरले असते.

"चलो," पद्मा शेजारून पुटपुटली, "अब लात मारना सीखते."

फोटोपुढे मी आजही वाकत नाही. बाकीचे वाकतात तेव्हा मी पुढे मिळालेला माझा पट्टा घट्ट करून घेते. आता आणखी तिघं तेव्हाच पट्टा घट्ट करतात, आणि मास्टर म्हणतात की माझ्यामुळे त्यांचे पट्टे लवकर झिजतात. बसमधल्या त्या माणसाला पद्मानं एक दिवस फक्त वळून नीट उभं राहून दाखवलं. तो पुढच्या स्टॉपला उतरला. दोन्ही पत्रकं मी अण्णांना पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं: 'दुसरं अधिक चांगलं लिहिलं आहेस.'

नांदेडला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पुण्याला, नाशिकला, मस्कतला गेलेल्यांनो, तुम्ही पत्रांत विचारता, करमतं का तिकडे? करमतं. आपल्या गल्लीत मी कधी चुकलेच नव्हते, कारण तिथे सगळ्यांची मतं माझ्यासारखीच होती. इथे तीस माणसांसमोर चुकले, पुढे येऊन तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ओळीत माझी जागा मोकळी होती. घर याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. नांदेडच्या घरी यायला मला रजा टाकावी लागते. या घरी मी रोज सकाळी पायी जाते, आणि उशीर झाला तर मास्टर वीस बैठका काढायला लावतात.