सोळाचे चार

"माझी तार कुठं गेली तेवढं सांग. मग पाणी पितो."

अंकुशनं इलेक्ट्रिक गिटार माझ्या टेबलावर अशी आदळली, की माजलगावच्या धरणातले मासे दचकले असतील. अंकुश दिंद्रुडच्या बँजो पार्टीचा मालक. मी अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर असली कामं करतो. त्याच्या गिटारच्या कॉइलची तांब्याची तारही मीच गुंडाळली होती.

"कुठली तार?"

"भोळा बनू नको. केजला गेलतो. तिथल्या मेकॅनिकनं मीटर लावला. तू पिकअपचं रीडिंग सोळा सांगितलं व्हतं, आता चार हाय. बारा कुठं गेले बे? आवाज मांजराच्या पिलावानी झालाय. संध्याकाळी वरात हाय. तितंच माईकवर तुझं नाव घेतो, कॉइलचोर म्हणून!"

दिंद्रुडच्या वरातीत माईकवर घेतलेलं नाव सातबाऱ्यावर चढल्यासारखं असतं.

माझा संशय उलट केजवाल्यावर. भिंग लावून एकेक स्क्रू तपासला, जणू खुनाचा तपास. पण स्क्रूवरचा माझा लाल रंगाचा ठिपका जसाच्या तसा. गिटार कुणी उघडलीच नव्हती. म्हणजे संशयित एकच उरला, मी.

आता थोडं समजून घ्या. गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारा पिकअप असतो. हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. दोघी मिळून जनरेटरची घरघर मारतात. बॅटरीत सेल एकामागं एक घालतो, तशा त्या जोडल्या की सिरीज. ताकद वाढते, आवाज जाड आणि दणदणीत. शेजारी-शेजारी जोडल्या की पॅरलल. आवाज कमी, पण स्वच्छ, खणखणीत. तार जितकी लांब, तितकं मीटरचं रीडिंग जास्त. माझ्या एकेका कॉइलचं आठ. सिरीजमध्ये आठ आणि आठ सोळा. पॅरललमध्ये करंटला दोन वाटा मिळतात, म्हणून आठाचे निम्मे, चार.

बरोबर चार! चोर इतकं हिशोबात चोरत नाही.

मी दोन्हींसाठी एक स्विच बसवला होता. वर सिरीज, वरातीला. खाली पॅरलल, भजनाला. स्विच खाली होता. वर ढकलला, तर हलेना. त्याच्या दांडीला बिब्बा ओवलेला काळा दोरा, गळ्यातला पट्टा अडकवायच्या खालच्या खुंटीपर्यंत ताणून बांधलेला.

"हे कुणी बांधलं?"

"मायनं. दसऱ्याच्या पूजेला. गिटारला लई नजर लागती."

"सोडावा लागंल."

"वरातीच्या दिवशी? त्यापरीस माझं बोट तोड!"

"अरे, ह्याच्यामुळंच आवाज गेलाय."

"आता मायवर घालतोस व्हय?"

बिब्बा सुटणार नव्हता, स्विच हलणार नव्हता. मग मी आतल्या वायरीच उलट्या जोडल्या. खाली सिरीज. अंकुश नाक माझ्या सोल्डरला टेकवून उभा. "हात वर ठिव. मला दिसू दे."

मीटर लावला. सोळा.

त्यानं तीनदा लावून पाहिला, पाणी न पिताच निघून गेला.

संध्याकाळी मी वरातीत गेलो, कान टवकारून. पहिल्याच सुरात हलगीवाल्यांच्या हातातल्या काड्या गळाल्या, नवरदेवाचा घोडा परत निघाला. गाणं संपलं तसा अंकुशनं माईक घेतला.

"मंडळी, मायच्या बिब्ब्याला भिऊन मेकॅनिकनं चोरलेली तार परत बसवली!"

टाळ्या काय पडल्या!

तेव्हापासून मी गिटारला स्विच बसवला, की शेजारी दोऱ्यासाठी एक हूक फुकट देतो.